काजळीतला हात

अमरावतीत कुणाच्या फटफटीचा क्लच जड झाला की तो माणूस गोवर्धन मिस्त्रीकडे जाई, आणि तिथं गेल्यावर कामापेक्षा जास्त वेळ मिस्त्रीचं बोलणं ऐकण्यात जाई. इर्विन चौकाच्या अलीकडे, सरकीच्या एका गोदामाला पाठ लावून त्याचं पत्र्याचं दुकान होतं. घराणं माळ्याचं. चांदूर बाजारकडे भावांचा मळा होता, संत्र्याची झाडं होती, वांगी-कोथिंबीर पिकत होती. हा एकटाच तारांच्या नादी लागला. बायको माणिकबाई जवाहर गेटाबाहेर भाजी विकायची आणि घरी आली की, तुमच्या हाताचा वास माझ्या मेथीला लागतो, म्हणून रोज नव्यानं कुरकुरायची. मिस्त्री ते कौतुक समजून ऐकून घेई.

"इंजन कोनीबी खोलते," येईल त्याला तो सांगे. "तार लावून दाखवा म्हना. मायापेक्षा चांगली लावली तं मिशा उतरवतो." मिशा अजून जागच्या जागी होत्या.

तसं पाहिलं तर क्लचची तार म्हणजे काय मोठं? डाव्या मुठीपुढं एक दांडी असते. ती दाबली की नळीतली तार ओढली जाते, खाली पेटीतल्या प्लेटा एकमेकींपासून सुटतात आणि इंजिन चालू असूनही चाक मोकळं होतं. दांडी हळूहळू सोडली की गाडी हळूहळू चालू लागते. एवढंच. पण या एवढ्याशा गोष्टीत बिघडण्यासारखं फार असतं. तार जाड घेतली तर वळणावर अडते, फार बारीक घेतली तर ताणत जाते. नळी आखूड पडली तर हँडल वळवल्याबरोबर क्लच आपोआप दबतो, लांब पडली तर ती कुठंतरी मुडपते आणि आतली तार घासून तुटते. हे सगळं जमवून टोकांना कथलाचे मणी ओतले, की शेवटी उरते ती ढील. दांडी प्रथम जराशी रिकामी हलली पाहिजे. ढील मुळीच नसली तर प्लेटा घसरून जळतात. जास्त झाली तर त्या सुटतच नाहीत, आणि दांडी पार दाबून धरली तरी गाडी पुढं रांगत राहते.

ही ढील मिस्त्री डोळ्यांनी ठरवत नसे. त्याची स्वतःची रीत होती. कंदिलाच्या काचांवरची काजळी एरंडीच्या तेलात खलून त्यानं एका डबीत भरून ठेवली होती. तार बसली की तो दांडीवर त्या काजळीचा हात फिरवायचा आणि गिऱ्हाइकाला म्हणायचा, दाबा. रोज दाबता तशी दाबा. मग दांडीवर जिथं जिथं काळं पुसलं जाई तिथं माणसाची बोटं कुठं पडतात, कोणतं बोट जोर लावतं, कोणतं नुसतं टेकतं, हे त्याला वाचता येई. आणि त्या हाताला जमेल तेवढीच ढील तो ठेवी.

संत्र्याचा एक दलाल तार खराब, तार खराब म्हणून तीनदा भांडायला आला होता. काजळीत त्याच्या फक्त दोन बोटांचे ठसे उतरले. बाकीच्या दोहोंत बिडी असायची.

"मानूस कायबी सांगते," मिस्त्री त्याला म्हणाला होता. "काजयी खोटं बोलत नाई."

हे वाक्य त्यानं इतक्या जणांना ऐकवलं होतं की शेजारचा चहावाला ते त्याच्याआधी पुरं करायचा.

त्रेसष्ट सालच्या जानेवारीत, उन्हं वर आल्यावर, एक तरुण फटफटी ढकलत दुकानापाशी आला. मागून त्याची आई कॅरिअरला हात लावून ढकलत होती. गाडी लष्कराच्या लिलावातली बीएसए, हिरवा रंग अर्धा उडालेला, आणि तार होती तिथं सुतळी बांधलेली.

"जयभीम, मिस्त्रीभाऊ," तरुण म्हणाला. "चंद्रभान तायडे. फ्रेजरपुऱ्यात राह्यतो. क्लचची तार पायजे. लय चांगली पायजे."

"आपल्याकडं वाईट तार मियत नाई," मिस्त्री म्हणाला आणि दांडीकडं बघता बघता त्याची नजर मुठीवरच्या डाव्या हातावर गेली. अंगठ्याशेजारची दोन बोटं नव्हती. मुळापासून नव्हती. उरली होती ती अनामिका आणि करंगळी.

चंद्रभाननं हात मागं घेतला नाही. लहानपणी आईबरोबर सरकी काढायच्या जिनात जायचा, कापूस लोटता लोटता हात यंत्रात गेला, असं त्यानं सरळ सांगून टाकलं. आता अकोल्याच्या गुरांच्या दवाखान्यात स्वाराची जागा निघाली होती. बुळकांडीची लस बर्फात घालून बाळापूर, हिवरखेड, जिथं साथ उठेल तिथं पोचवायची. फटफटी आपली आणायची. परीक्षा अकोल्याला मोर्णेकाठच्या मैदानावर होती. लशीच्या बाटल्या काचेच्या, वाटा गुरांच्या कळपातून जाणाऱ्या, तेव्हा जोरात कोण पळवतो हे तिथं पाहणार नव्हते. मागं पाण्यानं भरलेली बादली बांधायची आणि चुन्यानं आखलेल्या वळणावळणाच्या पट्टीवरून, बैल चालतो त्या चालीनं गाडी न्यायची. पाय टेकला की बाद, इंजिन बंद पडलं की बाद. मग बांधाच्या चढावर थांबून, मागं न घसरता पुन्हा निघायचं.

"म्हंजे सारा खेळ क्लचचा," मिस्त्री म्हणाला.

"हो. डॉक्टरसाहेबांनी हात पाह्यला. म्हने, मले हाताशी काय करायचं, गाडी चालली पायजे. पन वय संपून राह्यलं, मिस्त्रीभाऊ. पुढच्या वर्षी मले अर्जच करता येत नाई."

आता आई पुढं आली. भागीरथाबाई तिचं नाव. तिनं गाडीच्या टाकीवर तळवा ठेवला.

"जिनवाल्यानं बोटाचे पैसे देल्ले होते," ती म्हणाली. "मी मोडले नाई. घरात भाकर नव्हती तवाबी नाई मोडले. पोराच्या बोटाचे पैसे, खाऊन कसे टाकू? हे गाडी त्याच पैशाची हाये. आता थे वाया जाऊ देऊ नका."

मिस्त्री तारांच्या भेंडोळ्यांकडं वळला.

त्यानं चांगला अर्धा दिवस घालवला. केसासारख्या बारीक तारांच्या पिळाची, हाताला रेशमी लागणारी तार निवडली. जड क्लचला ती कमी पडेल की काय म्हणून तिला पक्कडीनं ताणून पाहिलं. नळी अशी फिरवली की हँडल इकडून तिकडं पूर्ण वळवलं तरी तारेला ओढ बसू नये. आत ग्रीस भरलं. कथील ओतून मणी केले, कानशीनं गोल केले. मग दांडीवर काजळी फिरवली आणि म्हणाला, "दाब."

चंद्रभाननं दाबली. त्या गाडीचा क्लच असा होता की धडधाकट माणसाचं मनगट भरून यावं. दोन बोटांनी ती दांडी अर्धीसुद्धा खाली येणार नाही अशी मिस्त्रीची खात्री होती. ती सरळ मुठीला येऊन टेकली.

"जोर हाये गड्या तुयात," मिस्त्री म्हणाला आणि वाकून काजळी वाचू लागला.

टोकाकडं दोन ठसे होते. अनामिका, करंगळी. आणि आत, दांडीच्या मुळाशी, आणखी दोन होते.

हात सरकला असेल. मिस्त्रीनं चिंधीनं दांडी पुसली, पुन्हा काजळी लावली आणि यावेळी हाताकडं बघत राहिला. अंगठ्याशेजारची जागा रिकामी होती. तिथून त्याला पलीकडचं गोदाम दिसत होतं. हात जागचा हलला नाही. दांडी खाली गेली, वर आली. मुळाशी दोन ठसे. शेजारच्या ठशांच्या निम्म्या रुंदीचे, पण अगदी स्वच्छ पुसलेले, आणि सगळ्यांत जास्त जोर त्यांचाच.

चंद्रभान दुसरीकडं बघत होता. मिस्त्रीनं चिंधी फिरवली आणि सगळं पुसून टाकलं.

"काय म्हनते काजयी?" चंद्रभाननं विचारलं.

"तेल जास्त झालं तिच्यात," मिस्त्री म्हणाला. आपल्या काजळीला तो खोटं पाडतोय हे त्याला कळत होतं, आणि त्याचा त्याला रागही आला.

आता तार लावायची कुणासाठी? मिस्त्री मळ्यातला माणूस असला तरी भुतंखेतं मानणारा नव्हता. त्याला दिसत होती ती दोन बोटं. करंगळी आखूड, तिला दांडी लांब राहून चालणार नाही. म्हणून त्यानं नट फिरवून ढील वाढवली, दांडी मुठीजवळ आणली आणि दोन बोटांच्या हाताला नीट बसेल अशी तार करून दिली. असं काम शहरात दुसऱ्या कुणाला जमलं नसतं, हेही सांगितलं.

दुसऱ्या दिवशी वडाळीच्या तलावाजवळच्या मोकळ्या जागेत चंद्रभान सराव करायला गेला, आणि मिस्त्री आपलं काम बघायला गेला. गाडी चालता चालेना. ढील जास्त, त्यामुळं प्लेटा पुऱ्या सुटेनात. हळू करावी तर गाडी रांगत पुढं जाई, धरून ठेवावी तर आचका देऊन बंद पडे. बादलीतलं पाणी चंद्रभानच्या पाठीवर सांडलं. कपडे धुवायला आलेल्या बाया हसल्या. तो पुन्हा सुरू करी, पुन्हा बंद पडे. शेवटी त्यानं गाडी उभी केली आणि नुसता खाली बसला.

"उद्या दुकानावर आन," मिस्त्री म्हणाला. "जरा घट्ट करून पाहू."

सकाळी गाडी आली तेव्हा ती घट्ट झालेलीच होती. दांडी मुठीपासून लांब, रिकामी हालचाल एखाद्या जाड नाण्याएवढी. पुऱ्या हाताच्या माणसाला मिस्त्रीनं ठेवली असती, बरोबर तेवढीच.

"कोनं हात लावला याले?" मिस्त्री भडकला. "मायं काम तू सुधारतं काय बे?"

"मायापाशी पाना नाई, मिस्त्रीभाऊ. गाडी घरातच होती, मायच्या बाजीपाशी."

मिस्त्रीनं तार पुन्हा सैल केली, दांडी जवळ आणली. मग नट आणि नळी यांच्यावरून लाल दोरा आडवा बांधला, गाठीवर मेण ओतलं. नट केसभर फिरला तरी दोरा तुटला असता.

पुढच्या सकाळी दोरा जसाच्या तसा होता. मेणाला तडासुद्धा नव्हता. आणि ढील गेलेली होती.

मिस्त्री बराच वेळ त्या तारेकडं बघत बसला. चहावाल्यानं चहा आणून ठेवला, तो गार झाला. तार आखूड होत नसते. ती जुनी होईल तशी लांबते, हे त्याला जितकं ठाऊक होतं तितकं अमरावतीत कुणाला नव्हतं. त्या दिवशी त्यानं कुणाशी बढाई मारली नाही, आणि माणिकबाईनं घरी विचारलं, बरं नाही का?

परीक्षेच्या आदल्या दिवशी तो फ्रेजरपुऱ्यात गेला. भागीरथाबाई अंगणात बसून ज्वारी पाखडत होती. गाडी दारातल्या उन्हात उभी. पोर पेट्रोल आणायला गेलं होतं.

"बाई, एक विचारू?" मिस्त्री म्हणाला. "त्याचा हात दुखते काय?"

सूप थांबलं.

"दुखे," ती म्हणाली. "थंडी पडली का लय दुखे. असलेले बोटं नाई, भाऊ. गेलेले. लहान होता तवा तं माया मांडीवर हात ठेवून रडे, माय, बोटं चोळून दे. मी काय चोळू? तरी चोळल्यासारखी करो." तिनं दारातल्या गाडीकडं पाहिलं. "गाडी आली तवापासून नाई दुखत. या वर्षी केवढी थंडी पडली, एक दिस नाई दुखले."

"मंग कोठी गेलं दुखनं?"

"मले काय मालूम? छप्पनच्या सालापासून आमी अंगात येनं, उतारे, सारं सोडून देल्लं. देव काढले तसे भुतंबी काढले घरातून." ती पुन्हा पाखडू लागली. "तुमी मिस्त्री हा. तुमीच पाहा."

मिस्त्रीनं उठून पान्यानं तार सैल केली, कारण त्याच्या डोळ्यांना तेच बरोबर दिसत होतं, आणि घरी गेला.

त्या रात्री गाडी दारातच राहिली, आईच्या बाजीपासून लांब, आणि ढील तशीच उरली. परीक्षेच्या दिवशी चंद्रभान पहाटेच फटफटीवर निघाला. मिस्त्री भागीरथाबाईला घेऊन मोटारीनं अकोल्याला पोचला. त्यानं ठेवणीतला पांढरा सदरा घातला होता. आपली तार जिंकणार आहे हे बघायला काळ्याकुट्ट कपड्यांत कसं जायचं, असं तो माणिकबाईला म्हणाला होता. पण काजळीची डबी आणि पाना खिशात टाकायला विसरला नव्हता.

मैदानात बरेच जण आले होते. बाळापूरचा एक पैलवानी गडी नवीकोरी गाडी घेऊन ऐटीत उभा होता. डॉक्टरसाहेब टेबलापाशी बसले होते, उन्हानं कपाळ पुसत. चुन्याची पट्टी नदीकडं वळणं घेत गेलेली, टोकाला बांधाचा चढ. एकेक जण निघत होता आणि बाद होत होता. पैलवानी गड्यानं वळणं झकास घेतली, पण चढावर त्याची गाडी मागं घसरली आणि बादली उपडी झाली.

चंद्रभान बाजूला सराव करत होता. गाडीनं आचका दिला आणि बंद पडली. पुन्हा सुरू केली, पुन्हा बंद. भागीरथाबाई पदराचं टोक दातात धरून उभी होती. तिच्या कितीतरी वर्षांच्या उपाशी दिवसांची ती गाडी होती, आणि ती तिच्या डोळ्यांदेखत पुन्हा पुन्हा मरत होती.

मिस्त्री जवळ गेला. "काय होते?"

चंद्रभान गाडीवरून उतरला नाही. हळू आवाजात म्हणाला, "तुमाले खरं सांगू, मिस्त्रीभाऊ? मी दाबत नाई. दाबल्या जाते. पन तुमी दांडी जवळ आनली का मंग सारा जोर मायावरच येते. अन मायानं होत नाई."

मिस्त्रीनं डबी उघडली आणि दांडीवर टोकापासून मुळापर्यंत काजळी फिरवली.

"दाब."

दांडी आली. मिस्त्री वाकला.

दोन मोठे ठसे, टोकाकडं. दोन लहान, मुळाशी.

आयुष्यभर तो लोकांना सांगत आला होता की काजळी खोटं बोलत नाही. आणि इतके दिवस तो तिलाच खोटं पाडत होता.

टेबलावरून नाव पुकारलं गेलं. तायडे, चंद्रभान.

"थांबा हो, आला!" मिस्त्री ओरडला आणि पाना काढला. नट उलटा फिरवला. ढील कमी केली. आणखी कमी केली. दांडी मुठीपासून लांब गेली. करंगळीला ती गाठताच येणार नव्हती. मुळाशी मात्र ती मुठीच्या जवळच होती. तिथं लहान बोटंही पोचली असती.

त्यानं तार काजळीत दिसत होत्या त्या हाताला लावली.

"पोचतीन?" त्यानं विचारलं.

"पोचतीन," चंद्रभान म्हणाला.

काजळी पुसायला वेळ उरला नव्हता.

गाडी निघाली ती निघाल्याचं कळलंसुद्धा नाही. इंजिन संथ धपधपत होतं आणि चाक इतकं हळू फिरत होतं की टायरात अडकलेला गोटा वर येताना दिसावा. पहिलं वळण गेलं. दुसरं गेलं. बादलीतलं पाणी काठाशी थरथरत होतं, सांडत नव्हतं.

टेबलाभोवतीचे लोक पट्टीकडं सरकले.

मिस्त्री पट्टीच्या बाजूनं चालत होता, गाडीच्या पुढं जाऊ नये म्हणून त्याला पाय आवरावे लागत होते. त्याची नजर डाव्या हातावर होती. दांडी जरा खाली येई, जरा वर जाई, पुन्हा खाली. अनामिका आणि करंगळी दांडीला लागलेली नव्हती. ती दोन्ही रबरी मूठ धरून होती.

दांडी तरीही खाली जात होती.

चढ आला. शिटी वाजली. गाडी बांधाच्या अंगावर थांबली.

भागीरथाबाईनं डोळे मिटले.

शिटी वाजली. इंजिनाचा आवाज किंचित भरला, दांडी हलकेच वर आली, आणि गाडी तसूभर मागं न येता चढून गेली. पाण्याचा एक थेंब सांडला नाही.

मग एकच गिल्ला झाला. पैलवानी गड्यानं टोपी उडवली. डॉक्टरसाहेब टेबलामागून उठून बांधापर्यंत आले आणि बादलीत स्वतः डोकावले. "तायडे," ते म्हणाले, "हिवरखेडला साथ आहे. परवापासून याल?" भागीरथाबाई आधी हसली, मग रडली, मग दोन्ही एकदम करत गाडीच्या टाकीवर चापट्या मारत राहिली. "कामी आले!" ती म्हणत होती. "मायच्यान, कामी आले!"

चंद्रभान बांधावरून धावत खाली आला आणि त्यानं मिस्त्रीला कडकडून मिठी मारली. इतकी जोरात, की मिस्त्रीला क्षणभर श्वास घेता येईना. मिस्त्रीच्या डोळ्यांत पाणी आलं. स्वतःच्या लग्नातसुद्धा त्याला इतका आनंद झाला नव्हता, आणि पुढं हे त्यानं माणिकबाईला सांगूनही टाकलं.

परतीच्या मोटारीत त्यानं मूर्तिजापूरपर्यंत कंडक्टरला तारेची निवड समजावली आणि बडनेऱ्यापर्यंत शेजारच्या शेतकऱ्याला ढील समजावली. भागीरथाबाई खिडकीशी बसून ऐकत होती आणि मधून मधून, हो, यायनंच लावली तार, अशी साक्ष देत होती. न तुटलेला लाल दोरा मात्र त्याच्या सांगण्यात कुठंच आला नाही. मिस्त्रीला वाटलं, नसेल समजत एखादी गोष्ट. जिंकलो ना? पोराचं काम झालं ना? मग झालं तर.

दुसऱ्या दिवशी ऊन चांगलं तापल्यावर माणिकबाई अंगणात धुणं घेऊन बसली. मिस्त्री ओट्यावर चहा पीत होता आणि चढाचा प्रसंग शेजाऱ्याला तिसऱ्यांदा सांगत होता.

"अवो," तिनं मधेच हाक मारली. "काल अकोल्याले कोनाचं लेकरू घेतलं होतं कडेवर?"

"कोनाचं? कोनाचंच नाई."

"मंग हे काय?"

तिनं पांढरा सदरा दोन्ही हातांनी उन्हात उभा धरला. पाठीवर, उजव्या खांद्याखाली, काजळीचा एक डावा पंजा उमटला होता. अंगठा, अनामिका, करंगळी. मोठ्या माणसाची, जेमतेम टेकलेली, पुसट.

अंगठ्याच्या शेजारची दोन बोटं लहान मुलाची होती. तिथं कापड अजून मुठीत धरल्यासारखं चुरगळलेलं होतं.